दहा अंशांचं कपाट

दि. ६ फेब्रुवारी

ढेकळ्या,

सुरुवातीला आशीर्वाद लिहावेत की नाही, या घोळात दोन कागद फाडले. तिसरा फाडणार नाही. माझा फोन तू उचलत नाहीस. महिन्यातून एकदा आईला फोन करतोस, तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात जाते. म्हणून हे पत्र. तुझ्या रंगाच्या कारखान्याच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण घरचा पत्ता तू आईलाही दिलेला नाहीस. लहानपणी तुझ्या खिशातून मातीची ढेकळं निघायची म्हणून मीच ठेवलेलं हे नाव तिथे कुणाला माहीत नसेल, तेव्हा पाकिटावर पूर्ण नाव घातलंय.

मी एप्रिलअखेर निवृत्त होतेय. पाय सुजतात, जिने नको वाटतात, आणि चौतीस वर्षं वाळलेली माती चाळून चाळून नाक कायमचं चोंदलंय. लॅबची शीतखोली रिकामी करायचं काम जाता जाता माझ्याच गळ्यात पडलं. रोज सकाळी हातमोजे चढवायचे, बर्फ खरवडायचा आणि लोकांच्या जुन्या प्रबंधांची माती पोत्यात भरायची. एकेकाच्या आयुष्याची पाच-पाच वर्षं असतात ती, आणि वरची चिठ्ठी इतकी पुसट की माती कुठली तेही कळत नाही.

त्यात तुझ्या मातीच्या अर्काच्या कुप्या सापडल्या. छत्तीसच्या छत्तीस, फॉइलमध्ये गुंडाळलेल्या, प्रत्येकीवर तुझं ते मुंगीएवढं अक्षर. फेकायला हात धजेना. तुझ्या मार्गदर्शक सरांच्या जागी आता एक बाई आल्यात, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण कामाला वाघ. त्यांना नवीन मशीन तपासून बघायला जुना अर्क हवाच होता. मी ‘नको’ म्हणायला काही कारण शोधेपर्यंत कुप्या मशीनवर लागल्यासुद्धा.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी एकदा लिहून काढते, कारण आपण दोघं हे कधी बोललोच नाही. एकच माती, छत्तीस बरण्या आणि ठरलेलं तापमान राखणारी तीन कपाटं. एक दहा अंशांचं, एक विसाचं, एक तिसाचं. प्रत्येकात बारा बरण्या, दोन वर्षं. मातीतले आर्किया हे सूक्ष्म जीव आपल्या आवरणातली चरबी उष्णतेप्रमाणे बदलतात, हे तू दाखवणार होतास. मला समजावताना म्हणाला होतास, ताई, उन्हात लोणी सैल पडतं ना, तसं यांचं आवरण सैल पडायला लागलं की हे चरबीत एकेक कडी वाढवतात आणि ते आवळून घेतात. गार पडलं की कड्या कमी. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाचा हा घरगुती शहाणपणा मला फार आवडला होता.

विसाच्या आणि तिसाच्या कपाटांनी तुझ्या म्हणण्यासारखंच दाखवलं. दहाच्या कपाटातली शेवटची खेप, म्हणजे दोन वर्षांनी बाराही बरण्यांतून काढलेली माती, मात्र चरबीवरून गरम जागची निघाली. सर म्हणाले, याने बरण्यांची अदलाबदल केली आणि आता झाकायला कपाटाचं निमित्त सांगतोय. तू म्हणालास, कपाट तापलं होतं, तापमानाची वही चुकीची आहे. वही माझी होती. रोजचा आकडा माझा, पुढे सही माझी. मला चौकशीला बोलावलं, मी वही बरोबर असल्याचं सांगितलं, आणि तुला संस्थेतून काढलं.

काल बाईंनी मला बसवून घेऊन कागद दाखवला. बरण्या बदलल्या असत्या तर त्या थेट तिसाच्या कपाटातल्यासारख्या दिसल्या असत्या, असं म्हणाल्या. या बाराच्या बारा बरण्या सारख्याच मधे कुठेतरी आहेत, चोवीस-पंचविसाच्या आसपास. तुमच्या जुन्या मशीनला एवढा बारकावा दिसला नसता, पण अशी माती तिन्ही कपाटांत कुठेच नव्हती. मग त्यांनी विचारलं, त्या वर्षी दहाचं कपाट ठीक होतं ना? मी म्हटलं, नऊ वर्षं झाली त्याला, वही शोधून बघते.

वही कुठे आहे ते मला माहीत आहे. माझ्याच टेबलाच्या खालच्या खणात.

तर सांगायचं असं की वहीत कदाचित एखादी चूक राहून गेली असेल. त्या दिवसांत आईचं आजारपण होतं. तुझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं असं दिसतंय, तेवढं कळवावं म्हणून लिहिलं. तब्येतीला जप.

ताई


दि. २५ फेब्रुवारी

ढेकळ्या,

तुझं कार्ड मिळालं. नऊ वर्षांनी तुझं अक्षर, आणि त्यात एकच ओळ. ‘बाहेरचा आकडा की आतला?’ ना ताई, ना बाई. अक्षर मोठं झालंय तुझं. रंगाच्या डब्यांवर लिहून होत असेल.

नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवायची तुझी सवय काही गेली नाही. कपाटाच्या दारावर जो लाल आकडा दिसतो तो आपण मागितलेल्या तापमानाचा. आत खरं किती आहे ते दार उघडून, पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवलेल्या काचेच्या थर्मामीटरवर बघायचं. हे मीच प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगते. बाहेरचा आकडा म्हणजे आपणच आपल्याला दिलेलं प्रशस्तिपत्रक, असं म्हणते, आणि पोरं हसतात. तूही हसला होतास.

बाहेरचा, ढेकळ्या. मी बाहेरचा आकडा लिहिला.

आईचं खुब्याचं ऑपरेशन आठवतंय ना? तू तेव्हा नमुने गोळा करायला बाहेरगावी होतास, आणि परत आलास तो प्रबंध लिहायला खोलीत कोंडून घेतलंस. मीच म्हटलं होतं तुला, तू लिही, आईचं मी बघते. सकाळी तिची अंघोळ, मलमपट्टी, व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या बाईची वाट बघणं, मग दोन बस बदलून लॅब. अकरा वाजायचे. कपाटं तीन, शीतपेट्या पाच, सगळ्यांच्या वह्या. दार उघडून वाकायचं म्हणजे कंबर साथ द्यायची नाही. येता-जाता लाल दहा दिसायचा, तो लिहायचा.

खरं सांगायचं बसले आहे तर हेही सांगते. काही आठवड्यांत तोही बघितला नाही. शनिवारी एकदम सहा दिवसांचे आकडे भरले. एकदा निळं पेन, एकदा काळं, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसावं. अडीच महिने असं चाललं. बाकी वह्यांचंही तेच, पण बाकीची यंत्रं शहाणी निघाली.

पण चौकशीत मी जे बोलले ते मला खरं वाटत होतं म्हणून बोलले. दारावर दहा म्हणजे आत दहा, असंच मी धरून चालले होते. ही चूक दमलेल्या बाईची आहे, लबाड बाईची नाही, एवढं तू समजून घ्यावंस. आणि आईवर राग धरू नकोस. त्या दिवशी ती तुला जे बोलली ते माझ्या वहीच्या भरवशावर बोलली.

बाईंनी वहीबद्दल पुन्हा विचारलं. शीतखोलीच्या गडबडीत सापडत नाही म्हटलं. त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं मलाच वाटलं असेल.

ताई


दि. १७ मार्च

ढेकळ्या,

या वेळी दोनच शब्द. ‘कधी कळलं?’

कार्ड आठ दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. तुला कसं समजलं, हे विचारत नाही. तेरा वर्षांनी धाकटा तू, मी तुला अक्षरं गिरवायला शिकवली. मी शेवटचं वाक्य लिहिताना कुठे अडखळते ते तुला कळणारच.

शेवटची खेप काढायच्या आठ दिवस आधी कळलं.

पाणी पुरं करायला बरण्या वजनाला घ्यायच्या होत्या म्हणून दार उघडलं. तोंडावर गार हवा यायला हवी ती आली नाही. झाकणांना आतून घाम आला होता. बाटलीतला थर्मामीटर सव्वीस. मी तो पुसून पुन्हा बघितला, मग माझ्या खिशातला दुसरा घालून बघितला. सव्वीसच. बाहेर लाल दहा तसाच.

सर परगावी होते. मी जेवणाच्या सुट्टीत फ्रिजवाल्याला बोलावून घेतलं. त्याने मागचं झाकण काढलं आणि म्हणाला, कॉम्प्रेसर कधीचा गेलाय, नुसता पंखा फिरतोय, आता यात अंडी उबवायला ठेवा बाई. संध्याकाळपर्यंत त्याने दुसरा बसवून दिला. बाराही बरण्यांचं वजन घटलं होतं, म्हणजे माती सुकत होती. एकेक बरणी काट्यावर ठेवून कमी झालेलं पाणी थेंबाथेंबाने भरलं. वजनाच्या रकान्यात नेहमीसारखे आकडे लिहिले. त्या दिवसाच्या तापमानापुढे दहा लिहिलं. दुसऱ्या दिवशी तू ‘ताई, सगळं ठीक?’ म्हणत आत आलास, आणि मी मान डोलावली.

तेव्हा सांगितलं असतं तर काय झालं असतं? बारा बरण्या बाद झाल्या असत्या, तुझं एक वर्ष वाढलं असतं, मला बोलणी बसली असती. कदाचित नोकरीत माझं कायम होणं लांबलं असतं. तो कागद त्याच महिन्यात सह्यांना गेला होता. बस. यापेक्षा जास्त काही नाही. मला वाटलं, अडीच महिन्यांत एवढ्याशा जिवांना काय कळणार आहे. सावकाश वाढतात, तूच म्हणायचास. आठ दिवस पुन्हा गार ठेवलं की विसरून जातील.

ते विसरले नाहीत. आणि तू जिवंत आर्कियांची चरबी जुन्या, मेलेल्यांच्या चरबीपासून वेगळी काढायला बसलास, तिथे सगळं दिसलं. मेलेल्यांची तेवढी बघितली असतीस तर त्या ढिगात माझे अडीच महिने बुडून गेले असते. तू हुशार निघालास, ढेकळ्या. तेच तुला नडलं.

चौकशीच्या वेळी मी खरं सांगणार होते. देवाशप्पथ सांगणार होते. पण तू माझ्याआधी आत गेलास आणि दार उघडंच राहिलं होतं. तुझा आवाज बाहेर आला, ‘वही खोटी आहे. ती रोज बघत नव्हती.’ सरांसमोर, परक्या तिघांसमोर. ती, म्हणालास. ताई नाही, ती. मला तुझा इतका राग आला. तुझ्या फीसाठी, तुझ्या लिखाणासाठी, आईला उचलून बसवण्यासाठी ताई, आणि चार माणसांत ‘ती’. आत गेल्यावर त्यांनी विचारलं, तुम्ही रोज तापमान बघितलंत? मी म्हटलं, हो. वही माझी आणि साक्षही माझीच, उंदराला मांजर साक्ष. पाच मिनिटांत मला जायला सांगितलं.

तुला समज देऊन सोडतील असं वाटलं होतं. काढून टाकतील असं खरंच वाटलं नव्हतं. आणि एकदा काढल्यावर मग कुठल्या तोंडाने सांगायचं, म्हणून एक दिवस गेला, मग एक वर्ष.

मी लबाडी केली. तू खरं बोलत होतास. माझं चुकलं, ढेकळ्या.

ताई


दि. ९ एप्रिल

ढेकळ्या,

या वेळी कार्ड आलं नाही. बरोबर आहे, आता विचारायचं उरलंय काय.

गेल्या आठवड्यात वही घेऊन बाईंच्या खोलीत गेले. मला वाटलं होतं रडू येईल, पण नुसताच थकवा आला. त्यांना निळं पेन, काळं पेन दाखवलं. फ्रिजवाल्याच्या कामाची चिठ्ठी वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात होती, तीही दिली. ती मी नऊ वर्षं का जपून ठेवली ते मलाच सांगता येत नाही. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, आत्ता का सांगताय, महिन्याभरात तुम्ही निवृत्त होताय. मी म्हटलं, महिन्याभराने सांगितलं तर त्याला काय अर्थ.

मग लेखी दिलं. समितीपुढे वाचूनही दाखवलं. त्या तिघांतले एक गृहस्थ अजून आहेत, केस पार पिकलेत. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, तेव्हा आम्हीही कपाट उघडून बघायला हवं होतं. सर घरी असतात, कानाला कमी ऐकू येतं. बाई स्वतः जाऊन त्यांना सांगून आल्या. तुझ्यावरचा ठपका काढल्याचं पत्र संस्थेकडून तुला रीतसर येईल. प्रबंध पुरा करायचा असेल तर जागा आहे, दहाच्या कपाटाचं काय झालं ते उघड लिहून, असं त्यात असेल. करायचा की नाही ते तू ठरव. माझा निरोप समारंभ रद्द झाला, आणि माझी चौकशी संपेपर्यंत मला वह्यांना हात लावायचा नाही. मी दिवसभर काचेची भांडी धुते. बरं वाटतं.

आईला सांगणं जास्त कठीण गेलं.

रविवारी दुपारी तिच्या पायाला तेल लावताना सांगितलं. तिने आधी नीट विचारून घेतलं, कपाट म्हणजे काय, माती कशाला ठेवली होती. मी सगळं सांगितलं, लोण्याचं, कड्यांचं. ऐकून म्हणाली, “एवढ्याशा किड्याला कळलं की आत उकडतंय. तुला नाही कळलं?”

मी दुसऱ्या पायाला तेल लावायला घेतलं.

मग म्हणाली, “मी त्याला खोटारडा म्हटलं. माझ्या दारात पुन्हा येऊ नको म्हटलं. तू तिथेच होतीस. चहा गाळत होतीस.”

मी म्हटलं, हो.

“किती कप केलेस?”

तीन केले होते. तुझा तसाच राहिला होता ओट्यावर. ते मी तिला सांगितलं. तिने पाय ओढून घेतला आणि तेलाची वाटी हाताने बाजूला सारली. त्यानंतर आज चौथा दिवस, ती माझ्याशी कामापुरतं बोलते. गोळी दे, खिडकी लाव. शेजारणीशी नेहमीसारखं बोलते, हसतेसुद्धा. मी आतल्या खोलीत ऐकत बसते.

तुझी नऊ वर्षं अशीच गेली असणार, हे मला आत्ता कळतंय. चार दिवसांत मी अर्धी झालेय.

ताई


दि. २८ एप्रिल

ढेकळ्या,

आई तुझ्याकडे यायचं म्हणतेय. म्हणतेय कसली, निघालीच आहे. पिशवी तिने स्वतः भरली. मी घडी घालून दिलेल्या साड्या काढून पुन्हा स्वतःच्या हाताने घातल्या. परत कधी, असं विचारलं तर म्हणाली, तो जा म्हणेल तेव्हा.

गुरुवारची सकाळची गाडी आहे, खिडकीची जागा मिळालीय. शेजारणीचा भाचा त्याच गाडीने पुढे जाणार आहे, त्याला सांगून ठेवलंय. मी इथे बसवून देईन, सोबत येणार नाही. संध्याकाळी साडेपाचला पोचेल. तू किंवा तुझी बायको, कुणीतरी फलाटावर या. ती आपला डबा कुठला ते विसरते आणि मग दुसऱ्याच दाराशी जाऊन उभी राहते.

गोळ्यांची चिठ्ठी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. पांढरी सकाळी उपाशी पोटी, गुलाबी जेवणानंतर. जिना उतरताना दुखरा पाय आधी टाकायचा, ही चांगला टाकते. सांगूनही ऐकत नाही, म्हणून आपणच एक पायरी खाली उभं राहायचं. उशी उंच लागते. झोप आली नाही तर गप्पा मारते, विषय कुठलाही चालतो. मला सवय होती, तुम्हाला जड जाईल थोडे दिवस.

अजून एक. तुला भेटल्यावर काय म्हणायचं ते तिने ठरवलंय. आठ दिवस पाठ करतेय, आरशापुढे, माझी चाहूल लागली की थांबते. वयामुळे अर्ध्यावर विसरते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. फलाटावर गर्दी असेल, हातात सामान असेल, तुला वाटेल आई, राहू दे आता. तसं म्हणू नकोस. पिशवी खाली ठेव आणि तिला शेवटपर्यंत म्हणू दे.

पोचली की फोन कर. फोन मीच उचलेन, पण तू ‘आई पोचली’ एवढंच म्हण आणि ठेवून दे. मी फोनजवळच बसून असेन.

ताई